कालवाचं बीज माळेवर कसं धरावं

शिंपल्यांची माळ खाडीत सोडली आणि दीड महिन्यानं वर काढली, की तिच्यावर तीनपैकी एक गोष्ट हमखास दिसते: कालवाचं बीज (म्हणजे नुकती चिकटलेली पिल्लं), बार्नॅकलची (खडकाला, बोटीला चिकटून राहणाऱ्या छोट्या कवचवाल्या प्राण्याची) पांढरी पुटं, नाहीतर नुसता चिखल. खाडी तीच, दोरी तीच, शिंपलेही तेच असतात. बहुतेक वेळा फरक पडतो तो माळ कोणत्या आठवड्यात पाण्यात गेली आणि जाताना तिची पाठ कशी होती, एवढ्यानंच. पुढे दिलेली पद्धत कोकणातल्या खाड्यांत चालते, आणि तिच्यातली प्रत्येक पायरी कालवाच्या पिल्लाच्या पसंतीवर उभी आहे. म्हणून आधी पिल्लू.

कालवाचं अंडं पाण्यात उघड्यावरच फळतं. दिवसभरात त्याला डी अक्षराच्या आकाराचं कवच येतं. मग दोन-तीन आठवडे हे पिल्लू, शास्त्राच्या भाषेत डिंभ, केसाळ पडद्याच्या जोरावर पोहतं, सूक्ष्म शेवाळ खातं आणि भरती-ओहोटीबरोबर खाडीत वरखाली फिरतं. पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर झालं की त्याला दोन नव्या गोष्टी येतात: कवचातून काळ्या ठिपक्यासारखा दिसणारा डोळा आणि जिभेसारखा पाय. तिथून जागेचा शोध सुरू होतो. पिल्लू पृष्ठभागावर उतरतं, पायानं चाचपत चालतं, पटलं नाही तर पडदा उघडून परत पोहून जातं. असं ते काही दिवस करू शकतं. जागा पटली की पायातल्या ग्रंथीतून सिमेंटचा थेंब सोडून डावं कवच त्यात टेकवतं, आणि काही मिनिटांत कायमचं चिकटतं. पुढच्या एक-दोन दिवसांत पडदा जातो, पाय जिरतो, कल्ले वाढायला लागतात. यालाच रूपांतर म्हणतात. आता हलायची सोयच उरली नाही. चोखंदळपणा आहे तो या एका क्षणासाठी.

ते नेमकं काय बघतं? एक, पृष्ठभागावर जिवाणूंचा पातळ बुळबुळीत थर आहे का. अगदी कोरा, उकळून काढलेला शिंपला त्याला फारसा आवडत नाही. दोन, आजूबाजूला आपलं माणूस आहे का. मोठ्या कालवांनी पाण्यात सोडलेल्या लहान प्रथिन-तुकड्यांचा वास लागला की पोहणारं पिल्लू खाली उतरतं. प्रयोगात तीन अमिनो आम्लांचा एक साधा तुकडा पाण्यात मिसळूनही हे करून दाखवता येतं. तीन, सावली आणि खालची बाजू. चार, खडबडीतपणा आणि खळगे, म्हणजे पहिल्या आठवड्यात खेकड्याच्या नांगीपासून आडोसा.

बार्नॅकलचं गणित थोडं वेगळं आहे आणि ते माहीत असायलाच हवं, कारण तुमच्या माळेवर त्याचाही डोळा असतो. त्याचं शेवटच्या अवस्थेतलं पिल्लू काही खात नाही, शिदोरीवर जगतं, त्यामुळे त्याला घाई असते. ते स्पर्शिकांवर चालत जाताना मागे चिकट प्रथिनाची पावलं सोडतं आणि ती पावलं बघून दुसरी पिल्लं तिथंच येतात. म्हणून बार्नॅकल एकटं बसत नाही, वसाहतच करतं. १९५३ मध्ये नाइट-जोन्स या शास्त्रज्ञानं बार्नॅकलची ही टोळीनं बसण्याची सवय प्रयोगांनी मांडली. गोव्याला दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत बार्नॅकलच्या या पिल्लांवर बरंच काम झालं आहे. जहाजाच्या तळाला जे पुट बसतं त्यातलंच हे एक.

हंगाम ओळखणं

पावसाळ्यात खाडी गोडी होते, दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा खारटते. बीज साधारण या बदलाच्या आगेमागे पडतं, पण एकच महिना सगळ्या खाड्यांना लागू होत नाही. एकाच खाडीत मुखाजवळ आणि आत पाच किलोमीटरवर दोन-तीन आठवड्यांचा फरक पडू शकतो. शेजारच्या गावाची तारीख उसनी घेऊ नका. स्वतःची तारीख काढायचे तीन मार्ग आहेत आणि तिसरा कोणालाही जमतो.

पहिला: दर आठवड्याला दहा मोठी कालवं फोडून बघायची. अंगावर जाड दुधी थर असेल आणि बोटानं दाबल्यावर दुधासारखं पाणी सुटत असेल, तर ती भरलेली आहेत. एका आठवड्यात दहातली सात-आठ कालवं पातळ, पारदर्शक, पिचकलेली दिसली, म्हणजे अंडी पडली. तिथून दोन ते तीन आठवडे मोजा.

दुसरा, सूक्ष्मदर्शक असेल तर: भरती भरत आली असताना बादलीनं २०० लिटर पाणी १०० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा, जाळीत उरलेलं अर्ध्या पेल्यात धुऊन घ्या आणि चाळीसपट मोठं करून बघा. कालवाचं पिल्लू एका बाजूला उंचवटा आलेलं, किंचित वाकडं दिसतं. तिसऱ्या आणि शिणाणे या दुसऱ्या शिंपल्यांचं पिल्लू त्यामानानं सरळ असतं. काळ्या डोळ्याची पिल्लं दिसायला लागली, की हातात दिवसच उरले असं समजा.

तिसरा: चाचणी माळा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून दर सात दिवसांनी पाच-पाच शिंपल्यांच्या दोन ताज्या माळा सोडा आणि आधीच्या दोन काढा. दहापट भिंगाखाली मोजा, वहीत दोन रकाने ठेवा: कालव किती, बार्नॅकल किती. शिंपल्यामागे सरासरी दोन-तीन पिल्लं दिसली आणि आकडा मागच्या आठवड्यापेक्षा वाढता असला, तर सगळ्या माळा त्याच आठवड्यात पाण्यात गेल्या पाहिजेत. बार्नॅकलचा रकाना वाढता आणि कालवांचा रिकामा असेल तर थांबा. ही वही कंटाळवाणी वाटते, पण दुसऱ्या वर्षी हीच सगळ्यात उपयोगी पडते.

पिल्लू आणि बार्नॅकल यांत गफलत होते, म्हणून ओळख लिहून ठेवा. बार्नॅकल म्हणजे छोटा पांढरा शंकू, वर तोंड, बाजूनं पाकळ्यांसारख्या पट्ट्या. कालवाचं पिल्लू सपाट, गोलसर, डिंकाचा थेंब वाळावा तसं, कडेला तपकिरी-जांभळी छटा. आठवड्यात ते मिलिमीटर-दोन मिलिमीटर होतं. तिसरं एक फसवं आहे, अनोमिया: तेही गोल आणि चपटं, पण अभ्रकासारखं पातळ, चकचकीत, आणि उचकटलं तर खालच्या कवचाला भोक दिसतं. नवख्या माणसाच्या वहीत अनोमिया हमखास कालव म्हणून चढतो.

माळ तयार करणं

मोठ्या कालवाचे खोलगट शिंपले घ्या, तळहातात मावतील एवढे. चुन्याच्या भट्टीसाठी साठवलेले जुने ढीग असतील तर उत्तम, कारण ते आधीच उन्हानं कोरडे झालेले असतात. ताजे असतील तर किमान महिनाभर उन्हात पसरा आणि दोन-तीनदा उलटेपालटे करा. मांसाचा अंश राहिला तर पाण्यात तो सडतो, तिथं प्राणवायू संपतो आणि शिंपला काळा पडतो. त्या काळ्या डागावर एकही पिल्लू बसत नाही. शिवाय जिवंत शिंपल्यात भोकं पाडणारे किडे आणि स्पंज असतात, तेही उन्हानंच मरतात.

ब्रशनं घासा, साध्या पाण्यानं धुवा. साबण, ब्लीचिंग पावडर, फिनेल यांतलं काहीही नको. तांब्याची तार तर मुळीच नको. तांबं डिंभांना विषारी आहे, म्हणूनच बोटींच्या तळाच्या रंगात ते घालतात.

मध्यभागी टोच्यानं किंवा ड्रिलनं ५ ते ६ मिलिमीटरचं भोक पाडा. ३ मिलिमीटरची नायलॉन दोरी ओवा, प्रत्येक शिंपल्याखाली गाठ मारा. दोन शिंपल्यांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर, एका माळेत पाच शिंपले, वर बांधायला अर्धा मीटर दोरी मोकळी. मत्स्यसंशोधन केंद्रांच्या पुस्तिकांत याच माळेला ‘रेन’ म्हणतात. शिंपला ताटलीसारखा आडवा राहिला पाहिजे आणि खोलगट बाजू खाली. हे उलटं झालं तर खोलग्यात गाळ साठतो आणि त्याच बाजूची जागा फुकट जाते. अंतर कमी ठेवायचा मोह आवरा. आज मोकळी वाटणारी जागा सहा महिन्यांनी कालवांनी भरते.

सुटी कालवं हवी असतील, म्हणजे हॉटेलला एकेक द्यायची असतील, तर शिंपल्याऐवजी चुना लावलेली कौलं वापरा. पहिला हात नुसत्या भिजवलेल्या चुन्याचा. तो पूर्ण वाळल्यावर दुसरा हात चुना आणि बारीक चाळलेल्या वाळूचा, दोन-तीन मिलिमीटर जाडीचा. आठवडाभर सावलीत वाळवून कौलं खाडीच्या पाण्यात ठेवा, पाणी दोन-तीनदा बदला, कारण ताज्या चुन्याची तीव्रता पिल्लांना मारते. बीज नखाएवढं झालं की थरासकट सुरीनं अलगद निघतं. थर फार जाड दिला तर तो लाटेनं आपोआप गळतो आणि बीजही त्याच्याबरोबर जातं.

पाठ तयार करणं

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माळा मुख्य मांडवावर (खाडीत उभ्या केलेल्या खांब-काठ्यांच्या चौकटीवर) टांगण्याआधी तीन ते सात दिवस खाडीच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या. मोठ्या टाकीत, सावलीत, आणि पाणी भरायच्या आधी कापडातून गाळून, म्हणजे गाळ आणि बार्नॅकलची पिल्लं बाहेर राहतात. पाणी रोज अर्धं बदला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिंपल्यावर बोट फिरवा. बोट घसरलं पाहिजे, पण मातकट होता कामा नये. घसरण म्हणजे जिवाणूंचा थर. तो पिल्लाला सांगतो, हा पृष्ठभाग पाण्यात मुरलेला आहे, कालपरवा कुठून वाहून आलेला नाही.

समुद्रातल्या कितीतरी पिल्लांना हीच खूण लागते. बंदरातल्या खांबांवर पांढऱ्या चुनखडी नळ्या करून राहणारा हायड्रॉइडिस किडा जिवाणूंच्या थराशिवाय रूपांतरच करत नाही. एका विशिष्ट जिवाणूच्या सूक्ष्म बाणासारख्या रचनाच त्याला धक्का देतात. पोवळ्याच्या पिल्लांना चुनखडीच्या गुलाबी शेवाळाचं पुट लागतं. उबवणीगृहात कालवाच्या पिल्लांना अॅड्रिनॅलिनच्या द्रावणात थोडा वेळ ठेवलं तर ती कुठेही न चिकटता थेट रूपांतर करतात, आणि सुटी कालवं मिळतात. खाडीत या युक्तीचा काही उपयोग नाही, पण हे लक्षात घ्या की चिकटणं आणि रूपांतर या दोन वेगळ्या कळा आहेत. तुमची माळ त्या दोन्ही दाबते.

सातपेक्षा जास्त दिवस भिजवलं तर थर जाड होतो, हिरवं शेवाळ चढतं आणि फायदा उलटतो. चाचणी माळा सांगत नाहीत तोवर तयार माळा कोरड्याच टांगून ठेवा.

टांगणं

आधी कागद. खाडी सरकारी आहे, किनारा नियमनाखाली येतो आणि कांदळवन संरक्षित आहे. मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी घ्या आणि मांडवासाठी कांदळाची एकही फांदी तोडू नका.

जागा अशी बघा की जिथं जवळपास जिवंत कालवांचा खडक किंवा बांध आहे, पण पाणी वाहतं आहे. नैसर्गिक वसाहतीजवळ पाण्यात त्यांचा वास असतो, पिल्लं तिथं उतरण्याच्या मनःस्थितीतच येतात. प्रवाह इतका नको की माळा आडव्या होतील. तसं झालं की पिल्लाला चालायला उसंतच मिळत नाही. ओहोटीलाही एक मीटर पाणी राहील अशी खोली पुरते. खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरनं मोजा. १५ ते ३० पीपीटीत (पाण्याच्या हजार भागांत मिठाचे इतके भाग) काम होतं, दहाच्या खाली अनेक दिवस राहत असेल तर ती जागा बीजासाठी सोडा.

मांडव पाच मीटर बाय दोन मीटरचा. दोन मीटरच्या रुंदीवर अर्ध्या मीटरच्या अंतरानं पाच आडव्या काठ्या, प्रत्येकीवर ३० सेंटिमीटर अंतरानं सोळा माळा. म्हणजे ८० माळा, ४०० शिंपले. खांब नुसत्या बांबूचे किंवा सुरूचे ठेवलेत तर लाकूड पोखरणाऱ्या किड्याचं पिल्लूही जागा निवडतच असतं आणि त्याला नेमकं तुमचं लाकूडच आवडतं. बाहेरून सगळं धडधाकट दिसतं आणि एका उधाणाला खांब मोडतो. पीव्हीसी पाइपात काँक्रीट आणि सळी भरून खांब केले तर हा प्रश्न राहत नाही.

उंची ठरवताना कोणाशी वैर घ्यायचं ते ठरवावं लागतं. वर, जिथं ओहोटीला काही तास माळ उघडी पडते, तिथं बार्नॅकल जास्त, पण शिकारी शंख आणि समुद्रपिचकाऱ्या (चिकटून राहणारे, पिशवीसारखे मऊ प्राणी) कमी. खाली, कायम पाण्यात, वाढ जलद, पण शंख आणि खेकडे तिथंच. वरचा शिंपला भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या, पाणी कमी उतरतं त्या) ओहोटीच्या पाण्याच्या पातळीला आणि शेवटचा तळापासून किमान ३० सेंटिमीटर वर, हा मधला मार्ग बहुतेक खाड्यांत चालतो. तळाला टेकलेला शिंपला म्हणजे खेकड्यांना शिडी.

पहिले दहा दिवस माळांना हात लावू नका. रूपांतराच्या एक-दोन दिवसांत पिल्लू खात नाही, साठ्यावर असतं, आणि सगळ्यात जास्त मरतूक याच काळात होते. त्या वेळी “बघू तरी” म्हणून माळ अर्धा तास उन्हात धरली तर पुढे मोजायला काही उरत नाही.

बिघाड आणि त्यांची कारणं

माळ स्वच्छ, पण रिकामी. माळ लवकर काढली असेल, नाहीतर पिल्लं आलीच नाहीत. चाचणी माळांवर बीज आणि मुख्य माळांवर नाही, असं असेल तर दोष पाठीत आहे: तेल, साबण, ताजा चुना किंवा नवी रंगवलेली बोट जवळ बांधलेली.

गाळाची साय. पिल्लू चिखलावर सिमेंट लावत नाही, आणि लावलं तरी चिखलासकट निघून जातं. माळ पाण्यातच हलकी झटका, वर काढू नका. दर आठवड्याला झटकावी लागत असेल तर जागा चुकली आहे.

बार्नॅकलच बार्नॅकल. माळ आठवडा-दोन आठवडे आधी पडली. त्यांच्या शंकूंच्या मध्ये कालवाची पिल्लं बसतात, पण बार्नॅकल वेगानं वाढून त्यांना दाबतात. सुरुवातीलाच दिसलं तर ती माळ काढून उन्हात वाळवा, घासा, पुन्हा भिजवा, आणि हंगाम शिल्लक असेल तर परत टांगा. निम्म्याहून जास्त जागा कालवांची असेल तर मात्र राहू द्या.

अति बीज. शिंपल्यावर शंभर पिल्लं बघून आनंद होतो, पण दोन महिन्यांत ती एकमेकांच्या अंगावर उभी वाढतात, लांबट आणि पातळ कवचाची होतात. शिंपल्यामागे दहा-पंधरा पुरेत. बीज पाच-सहा मिलिमीटर झालं की बोथट सुरीच्या टोकानं दाटीतली खरवडून टाका. माळा एकाच दिवशी सगळ्या टाकायच्या ऐवजी निम्म्या पाच दिवसांनी टाकल्या तरीही दाटी कमी होते.

पिल्लं होती, आता नुसती खालची कवचं उरलीत. वरचं कवच फोडलेलं असेल तर खेकडा. कवचाला नीट गोल भोक असेल तर शिकारी शंख. शंख हातानं वेचायचे, दुसरा उपाय नाही. त्यांच्या अंड्यांची कातडी पिशव्यांची झुंबरं खांबांवर दिसतात, तीही खरवडा.

टाकीत बीज धरायचं असेल तर

उबवणीगृहातून डोळे आलेली पिल्लं मिळाली तर टाकीत बसवता येतात. निम्म्याहून जास्त पिल्लांना डोळा आणि थोड्यांना बाहेर काढलेला पाय दिसला पाहिजे. त्याआधीची घेतली तर ती नुसती पोहत राहतात. भिजवून तयार केलेले शिंपले टाकीत आधी रचा, गाळलेलं पाणी खाडीच्या खारटपणाचं भरा, हवा अगदी मंद सोडा. जोराच्या हवेनं पिल्लं एका कोपऱ्यात गोळा होतात आणि एका शिंपल्यावर दाटी, दुसरा कोरा असं होतं. टाकी काळ्या कापडानं झाका. शिंपल्यामागे शंभर पिल्लं सोडली आणि दहा ते तीस चिकटली, तर हिशेब उत्तम जमला. ४८ ते ७२ तास पाणी बदलू नका, सूक्ष्म शेवाळ मात्र थोडं थोडं द्या. नंतर पाणी २०० मायक्रॉनच्या आसपासच्या जाळीतून काढा. न चिकटलेली पिल्लं जाळीत अडकतील, ती परत टाकीत घाला.

टाकीतून खाडीत नेताना माळा ओल्या गोणपाटात गुंडाळा, सकाळी लवकर न्या आणि टाकीतल्या आणि खाडीतल्या पाण्याचा खारटपणा आधी मोजा. पाच पीपीटीपेक्षा जास्त फरक असेल तर टाकीतच दोन दिवसांत हळूहळू तो कमी करा. दोन महिन्यांनी बीज नखाएवढं झालं, की माळांमधलं अंतर ३० वरून ५० सेंटिमीटर करा आणि जड झालेल्या माळांच्या वरच्या गाठी पुन्हा बांधा, कारण नायलॉन घासून तुटतं ते पहिल्या गाठीपाशीच.